इंजेक्शनातलं तेल: टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांनी लेबलावर काय वाचावं



आजचा विषय जरा आडवाटेचा आहे, पण ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेणारे पुष्कळ जण विचारतात, "सुई घेतली की त्या जागी गाठ येते, खाज सुटते. मला या हार्मोनची अ‍ॅलर्जी आहे का? बंद करू का?" मी डॉक्टर नाही, निवृत्त फौजी आहे. तेव्हा औषध सुरू करा किंवा बंद करा, असं मी सांगणार नाही. पण हा प्रश्न डॉक्टरांपुढे नीट कसा मांडायचा, ते आपण बघू.

पहिली गोष्ट. टेस्टोस्टेरॉन आपलं शरीर स्वतःच बनवतं. त्यामुळे खुद्द हार्मोनची अ‍ॅलर्जी फार क्वचित असते. संशय घ्यायचा तर आधी त्याच्याबरोबर सुईतून आत गेलेल्या बाकीच्या मंडळींवर घ्यावा. औषध म्हणजे माल आणि तेल म्हणजे ट्रक, असं समजा. गडबड झाली की आपण मालाला दोष देतो आणि ट्रककडे कोणी बघत नाही.

तेल लागतंच कशाला? टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. शिवाय नुसतं टोचलं तर शरीर ते लवकर संपवून टाकतं. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याला एक शेपूट जोडली, तिला एस्टर म्हणतात. प्रोपिओनेटची शेपूट आखूड, एनँथेट आणि सायपिओनेटची लांब, अनडेकॅनोएटची त्याहून लांब. शेपूट जितकी लांब, तितकं औषध तेलात रमतं आणि तेलातून हळूहळू बाहेर पडतं. स्नायूत तेलाचा एक छोटा साठा तयार होतो. त्यातून औषध थोडं थोडं झिरपतं, मग शरीरातली एन्झाइम्स शेपूट तोडतात आणि मूळ हार्मोन मोकळा होतो. म्हणून सुई रोज घ्यावी लागत नाही. अनडेकॅनोएटचं 1000 मिलिग्रॅमचं इंजेक्शन तर साधारण 10 ते 14 आठवड्यांनी एकदा देतात.

आता तेलं बघू. सगळी आपल्या ओळखीचीच आहेत. अमेरिकेतलं डेपो-टेस्टोस्टेरॉन, म्हणजे सायपिओनेट, सरकीच्या तेलात असतं. एनँथेट तिथे तिळाच्या तेलात मिळतं, पण युरोपात तेच एनँथेट एरंडेलातही मिळत आलंय. नेबिडो नावाचं अनडेकॅनोएट एरंडेलात असतं. सस्टॅनॉन 250 मध्ये चार एस्टर एकत्र असतात आणि ते शेंगदाण्याच्या तेलात, म्हणजे आपल्या गोडेतेलात. ब्रिटनमधल्या त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय की शेंगदाणा किंवा सोयाबीनची अ‍ॅलर्जी असेल तर हे घेऊ नये.

म्हणजे औषधाचं नाव एकच, पण कंपनी बदलली की तेल बदलू शकतं. दुकानदार "तेच आहे हो, फक्त कंपनी वेगळी" म्हणतो, तेव्हा तो मालाबद्दल बरोबर बोलत असतो, ट्रकबद्दल नाही.

हा प्रकार फक्त टेस्टोस्टेरॉनपुरता नाही. रासायनिक युद्धाचं प्रशिक्षण घेतलेल्यांना ब्रिटिश अँटी-लुइसाइट हे नाव आठवेल. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डमध्ये लुइसाइट या आर्सेनिकयुक्त विषारी रसायनावर उतारा म्हणून ते शोधलं गेलं. आज डायमरकॅप्रॉल या नावाने ते आर्सेनिक आणि पाऱ्याच्या विषबाधेवर वापरतात. तेही शेंगदाण्याच्या तेलात असतं, त्यामुळे तिथेही शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीची चौकशी करावी लागते.

तेलाबरोबर आणखी दोन प्रवासी असतात. एक बेन्झिल बेन्झोएट. खरजेवर अंगाला लावायचं पांढरं लोशन आठवतंय? तेच रसायन. ते तेल पातळ करतं आणि औषध विरघळायला मदत करतं. दुसरं बेन्झिल अल्कोहोल, ते जंतू वाढू देत नाही. प्रत्येक ब्रँडमध्ये दोन्ही असतातच असं नाही. पण काहींना तेल सोसतं आणि यांच्यापैकी एखादं सोसत नाही. म्हणून तेल बदलूनही त्रास तसाच राहिला तर या दोघांकडे बघायला हवं.

आता घाबरून जाऊ नका. अन्नाची अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा त्यातल्या प्रथिनांची असते, आणि औषधी दर्जाचं तेल शुद्ध करताना प्रथिनं जवळजवळ निघून जातात. तिळगूळ खाऊन घसा खवखवला म्हणून तिळाच्या तेलाचं इंजेक्शन घातकच ठरेल, असं नाही. पण "जवळजवळ" म्हणजे "पूर्ण" नव्हे. आणि गोळी त्रास देऊ लागली तर उद्यापासून थांबवता येते, स्नायूत गेलेलं तेल परत काढता येत नाही. ते आठवडेच्या आठवडे तिथे राहतं. म्हणून विचारपूस सुई टोचण्याआधीच व्हायला हवी.

त्रासाचे प्रकार वेगळे ओळखायला शिका.

पहिला, जागेवरचं दुखणं. एक-दोन दिवस ठणका, थोडी कडक गाठ. दाट तेल भरभर ढकललं किंवा सुई स्नायूपर्यंत पोचलीच नाही, तरी असं होतं. याला अ‍ॅलर्जी म्हणत नाहीत. मात्र गाठ वाढत गेली, लाल आणि गरम झाली, ताप आला, तर संसर्गाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दुसरा, खाज आणि पुरळ. जागेपुरतं असेल तर तारखेसह नोंद करा, फोटो काढा, पुढच्या सुईआधी डॉक्टरांना दाखवा. अंगभर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वास घ्यायला त्रास झाला, चक्कर आली, तर वाट बघायची नाही. थेट इमर्जन्सीत जायचं.

तिसरा, सुई टोचताना किंवा लगेच नंतर येणारी खोकल्याची उबळ, छातीत दाटणं, घसा आवळणं, भोवळ. यात तेलाचे बारीक थेंब रक्तातून फुप्फुसात पोचलेले असतात. ही अ‍ॅलर्जी नव्हे, पण गंभीर होऊ शकते. अमेरिकेत एरंडेलातल्या अनडेकॅनोएटवर यासाठी ठळक इशारा छापलेला असतो आणि सुईनंतर 30 मिनिटं दवाखान्यातच थांबायचा नियम आहे. हा नियम आपणही पाळावा. "मला घाई आहे" म्हणून निघून जाऊ नये.

मग करायचं काय? खोक्यावरचं औषधाचं नाव वाचून थांबू नका, आतलं पत्रक उघडा आणि तेलाचं नाव शोधा. कधी नुसतं "तेलकट आधार" एवढंच लिहिलेलं असतं. तेव्हा दुकानदाराला किंवा कंपनीला विचारा. एका वहीत चार रकाने करा: तारीख, ब्रँड आणि बॅच नंबर, तेल, झालेला त्रास. तीन-चार सुयांच्या नोंदी पाहिल्या की डॉक्टरांना धागा सापडतो. गरज पडली तर ते अ‍ॅलर्जी तज्ज्ञाकडे पाठवतील. घरच्या घरी "थोडंसं टोचून बघू" हा प्रयोग अजिबात करायचा नाही.

तेल सोसतच नसेल तर त्वचेवर लावायचं जेल असतं. त्याची वेगळी पथ्यं आहेत, विशेषतः लावलेली जागा लहान मुलांच्या आणि बायकांच्या अंगाला लागू द्यायची नाही. अनडेकॅनोएटच्या कॅप्सूल हा मार्ग वेगळा वाटतो, पण त्यांच्या आतही तेलकट द्रव असतो. तोही विचारून घ्या.

आणि जिममध्ये हातोहात मिळणारी बिनचिठ्ठीची कुपी? तिच्यात कोणतं तेल, कुणी गाळलं, जंतू आहेत की नाहीत, काहीच कळायला मार्ग नाही. त्या वाटेला जाऊ नका.

औषधाचा विपरीत परिणाम झाला तर तो सरकारी औषध-सुरक्षा कार्यक्रमाला 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर सामान्य माणूसही कळवू शकतो. अशा नोंदींतूनच पुढच्यांसाठीचे इशारे तयार होतात.

ज्यांच्या शरीरात हे हार्मोन खरोखर कमी आहे, त्यांना हे उपचार बहुधा वर्षानुवर्षं घ्यायचे असतात. एका तेलाशी पटलं नाही म्हणून उपचारच सोडणं हे नुकसान, आणि अंगावर पित्त उठत असताना गप्प बसून पुढची सुई घेणं हे त्याहून मोठं. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा "मला इंजेक्शन सोसत नाही" एवढंच सांगू नका. "या ब्रँडचं, या तेलातलं इंजेक्शन सोसत नाही" असं सांगा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.