७२०० ची महागडी रॅम ६००० पेक्षा मागे का पडते? प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याआधी हे वाचा

गेमिंगसाठी कॉम्प्युटर असेंबल करणारे आधी प्रोसेसर ठरवतात. तो ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचा, हेही ठरतं. मग लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात विचारलं जातं, 'सगळ्यात फास्ट रॅम कोणती?' खरं तर विचारायला हवं, की या प्रोसेसरला कोणती रॅम झेपते?

पूर्वी हे गणित सोपं होतं. २००७ मध्ये आलेल्या इंटेलच्या कोअर २ क्वाड क्यू६६०० चा मूळ ठोका २६६ मेगाहर्ट्झ. त्याला ९ ने गुणलं की २.४ गिगाहर्ट्झ. ठोका ४०० वर नेला की ३.६. पण रॅमही त्याच ठोक्याला बांधलेली असायची. डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, म्हणजे ४०० ला ८०० ची रॅम हवी. ६६७ ची लावली असेल तर बऱ्याचदा कॉम्प्युटर सुरूच व्हायचा नाही.

आता काय बदललं?

आता गुणक वाढवून प्रोसेसर एकटाच पळवता येतो, रॅमला धक्का लागत नाही. मात्र रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो आणि त्याला मर्यादा आहे.

एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचंच पाहा. ६००० ची डीडीआर५ रॅम प्रत्यक्षात ३००० मेगाहर्ट्झवर चालते आणि कंट्रोलरही ३००० वर. दोघांची पावलं जुळतात. ७२०० ची रॅम लावली की ती ३६०० वर धावते, पण कंट्रोलरला ते झेपत नाही. मदरबोर्ड त्याचा वेग निम्मा करतो, म्हणजे १८००. डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचा वेळ वाढतो आणि जास्त पैसे मोजूनही गेममध्ये फायदा दिसत नाही, कधी तोटाच होतो. एएमडीनेही या मालिकेसाठी ६००० हाच योग्य वेग सांगितला होता.

बॉक्सवरचा 'सीएल' आकडाही पाहावा. ६००० सीएल३० रॅम पहिल्या प्रतिसादाला १० नॅनोसेकंद घेते, तर ६००० सीएल४० सुमारे १३.३.

विकत घेतलेला वेग आपोआप मिळत नाही, हे अनेकांना ठाऊकच नसतं. बायॉसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी प्रोफाइल सुरू करेपर्यंत ६००० ची रॅम साधारण ४८०० वरच चालते. टास्क मॅनेजरमध्ये 'मेमरी' उघडलं की खरा वेग दिसतो. सीपीयू-झेडमध्ये ३००० दिसलं तर घाबरू नये, ते ६००० च आहे.

चार रॅम लावण्याचा मोह टाळलेला बरा. रायझन ७००० मध्ये दोन रॅमना अधिकृत वेग ५२००, चार लावल्या की थेट ३६००.

धोका कुठे?

एक्स्पो हेही कंपनीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच आहे, त्यामुळे आधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात. २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्यावर बायॉस अपडेटद्वारे एसओसी व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. म्हणून आधी बायॉस अपडेट करावं, प्रोफाइल नंतर.

रॅम अस्थिर असली की कॉम्प्युटर हँगच होईल असं नाही. तो नीट चालत राहतो आणि सेव्ह होणाऱ्या फाइल गुपचूप खराब होतात. लग्नाचे फोटो, प्रोजेक्ट, काहीही! त्यामुळे प्रोसेसर मूळ वेगावर ठेवून आधी फक्त रॅम तपासावी. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावं. एकही एरर आली तर ६००० वरून ५६०० वर यावं आणि चाचणी पुन्हा घ्यावी. ती पार पडल्यावरच प्रोसेसरचा वेग वाढवायला घ्यावा.