पत्र्याच्या गोठ्याचे ऊन कमी खर्चात कसे अडवावे

पूर्वी गावोगावी गोठे गवताने शाकारलेले किंवा कौलारू असत. आता बहुतेक ठिकाणी पत्रा आला आहे. पत्रा टिकाऊ आहे, दरवर्षी शाकारणीचा व्याप नाही आणि आगीचे भयही कमी. म्हणून त्याचा प्रसार झाला हे योग्यच झाले. परंतु चैत्र-वैशाखात हाच पत्रा तव्यासारखा तापतो. चंद्रपूर, नागपूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो. अशा वेळी उघड्या पत्र्याखाली बांधलेली संकरित गाय चारा कमी खाते, दूध आटते आणि गाभण राहण्याचे प्रमाणही घटते. म्हशीची कातडी काळी व घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून तिला ऊन अधिकच बाधते. कोंबडीला तर घामच येत नाही. फार उष्म्यात पक्षी चोच वासून धापा टाकतात व एका दुपारीत दगावतात. कर्ज काढून घेतलेल्या जनावराचे असे नुकसान कुटुंबास पेलणारे नसते.

उष्णता येते कोठून?

गोठ्यात टांगलेल्या उष्णतामापकावरून पुष्कळदा फसगत होते. तो केवळ हवेची उष्णता दाखवितो. जनावराला मात्र हवेबरोबरच तापलेल्या पत्र्यातून खाली फेकली जाणारी धगही सोसावी लागते. दुपारी दोनच्या सुमारास पत्र्याखाली वीतभर अंतरावर तळहात धरावा, म्हणजे चुलीजवळ बसल्यासारखी झळ लागते. वारा वाहत असला तरी ही झळ थांबत नाही. म्हणून केवळ पंखा लावून भागत नाही. छप्परच तापू न देणे हा खरा उपाय होय.

नवा पत्रा चकाकतो, तेव्हा तो गार राहत असेल, असा समज आहे. तो बरोबर नाही. चकाकणारा पत्रा बरेचसे ऊन परतवितो हे खरे, परंतु जी उष्णता त्यात शिरते ती तो सहजासहजी बाहेर टाकीत नाही. पांढरा चुना ऊन परतवितो आणि उष्णताही लवकर बाहेर टाकतो. चुन्याचे महत्त्व यातच आहे.

पहिला उपाय : चुन्याचा हात

हा सर्वांत स्वस्त उपाय होय. कळीचा चुना आदल्या दिवशी विरवावा. प्रथम भांड्यात पाणी घेऊन त्यात चुना थोडा थोडा सोडावा. चुन्यावर एकदम पाणी ओतू नये, कारण तो उसळून अंगावर व डोळ्यांत उडतो. यासाठी लोखंडी पिंप वापरावे. प्लॅस्टिकचे भांडे या उष्णतेने मऊ पडते. मुलांना जवळ येऊ देऊ नये. रात्रभर मुरल्यावर चुना फडक्यातून गाळून दुधासारखा पातळ करावा व धरण्यासाठी त्यात थोडा डिंक किंवा भाताची खळ मिसळावी. पत्रा झाडून धुऊन घ्यावा आणि एक हात वाळल्यावर दुसरा द्यावा. नव्या गुळगुळीत पत्र्यावर चुना नीट धरत नाही. तेथे बाहेरच्या कामाचा पांढरा रंग महाग पडला तरी अधिक टिकतो.

पावसाने चुना धुऊन जातो व धुळीने मळतो. म्हणून हे काम दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी, फाल्गुनात करावे.

दुसरा उपाय : पत्र्यावर आच्छादन

स्थिर हवा उष्णता सहजी पुढे जाऊ देत नाही. वाळलेल्या काडीकचऱ्यात अशी हवा कोंडलेली असते. म्हणूनच गवती छप्पर गार राहते. ज्या भागात जे मिळते तेच वापरावे : ऊस भागात पाचट, विदर्भात पऱ्हाटी व तुराट्या, कोकणात भाताचा पेंढा व नारळाच्या झावळ्या. कडबा मात्र छपरावर घालू नये. तो जनावराच्या मुखीचा घास आहे. थर १० ते १५ सेंटिमीटर जाडीचा असावा व त्यावर बांबूच्या कांब्या टाकून तो तारेने किंवा दोरीने आवळावा. एप्रिल-मे महिन्यांतील वावटळीत सैल बांधलेले आच्छादन टिकत नाही.

मृगापूर्वी हे आच्छादन न चुकता उतरवावे. ओल्या काडीने छपरावर भार वाढतो, पत्रा गंजतो आणि ओल धरलेला थर उष्णताही अडवीत नाही. उतरविलेले पाचट कंपोस्टच्या खड्ड्यात घालावे, म्हणजे काहीच वाया जात नाही.

वरून विजेच्या तारा जात असतील किंवा शेजारी चूल पेटत असेल, तेथे काडीचे आच्छादन मुळीच घालू नये. अशा ठिकाणी पत्र्यापासून फूटभर उंचीवर बांबूच्या आधाराने सावलीची जाळी ताणावी. जाळी ऊन झेलते आणि मधल्या मोकळ्या जागेतून वारा उष्णता वाहून नेतो. जाळी पत्र्यास टेकून घातल्यास हा लाभ बराच कमी होतो.

तिसरा उपाय : पत्र्याखाली पडदा

छपराची उंची पुरेशी असेल तर पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूची चटई किंवा गोणपाट ताणावे. त्यामुळे पत्र्याची झळ थेट जनावराच्या पाठीवर येत नाही. मधल्या जागेची दोन्ही टोके उघडी ठेवावीत, म्हणजे तापलेली हवा निघून जाईल. छप्पर बुटके असल्यास हा उपाय करू नये. त्याने गोठा कोंदट होतो. थर्माकोल स्वस्त दिसला तरी तो चटकन पेट घेतो आणि कोंबड्या तो टोचून खातात, तो टाळावा.

हवा व पाणी

गरम हवा वर जाते. आढ्याशी तिला वाट नसेल तर वरील उपायांचा निम्मा लाभ वाया जातो. पश्चिमेकडून येणारे तिरपे ऊन गोणपाटाच्या पडद्याने अडवावे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हा पडदा ओला ठेवल्यास चांगला गारवा येतो. कोकणातील दमट हवेत मात्र पाणी शिंपडून गोठा घुसमटतो; तेथे वारा खेळता ठेवण्यावरच भर द्यावा.

सावधगिरी

छपरावरचे काम सकाळी उन्हे तापण्यापूर्वी करावे. पत्र्यावर थेट पाय न देता खालच्या वाशांवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावर उभे राहावे. सिमेंटचा जुना पत्रा ठिसूळ असतो. त्यावर चढलेला माणूस पत्रा फुटून खाली पडतो. शिवाय जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते व त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे. असा पत्रा घासू नये, कापू नये किंवा त्यास भोके पाडू नयेत. तेथे पत्र्यास हात न लावता खालून पडदा बांधावा.

परीक्षा कशी घ्यावी?

एकदम सर्व खर्च करण्याची आवश्यकता नाही. प्रथम अर्ध्या छपरास चुना द्यावा आणि दुपारी दोन वाजता मोकळी सोडलेली गाय कोठे जाऊन बसते ते पाहावे. गाय मिनिटास साठाहून अधिक वेळा श्वास घेत असेल तर तिला उष्म्याची बाधा होत आहे असे समजावे. दोन्ही बाजूंच्या जनावरांचे श्वास मोजले की उपायाचा गुण घरबसल्या कळतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील एका गोठ्यावर असा अर्धा भाग करून दाखवावा. पत्र्याखाली दोन्हीकडे हात धरून पाहणाऱ्यास मग वेगळे सांगावे लागत नाही.