दवंडी, जाहीरनामा आणि पिण्याचे पाणी

“पूर्वी कुठे होत्या या सूचना? आमचे आजोबा कुशावर्ताचे पाणी ओंजळीने प्यायचे आणि ठणठणीत राहायचे!” त्र्यंबकेश्वरला जाऊन आलेल्या आणि नंतर जुलाबाने हैराण झालेल्या रुग्णांकडून हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. वाक्य श्रद्धेचे आहे, पण दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे. पूर्वीही सूचना होत्या, किंबहुना आजच्यापेक्षा कडक होत्या. आणि पूर्वीचे सगळेच लोक ठणठणीत राहत नव्हते. जे राहिले त्यांच्या आठवणी आपल्यापर्यंत पोहोचल्या. जे गेले ते सांगायला उरले नाहीत.

म्हणून या आठवड्यात औषधांऐवजी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सरकारी जाहीरनाम्यांविषयी लिहितो. त्या काळात सरकार लोकांना आरोग्याबद्दल काय सांगत होते, का सांगत होते आणि लोक ते का ऐकत नव्हते, हे समजले तर आजची नोटीस कशी वाचावी हेही समजेल.

कायद्याची सुरुवात

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. घबराट झाली, लोक मुंबई सोडून मिळेल त्या गाडीने गावी निघाले आणि साथ त्यांच्याबरोबर निघाली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. कायदा अगदी आटोपशीर होता, पण त्याने अधिकाऱ्यांच्या हाती मोठे अधिकार दिले. रेल्वेतील प्रवासी तपासणे, आजारी माणसाला वेगळे ठेवणे, घर रिकामे करून घेणे, यात्रा-जत्रा थांबवणे, हे सारे यानंतर एका जाहीरनाम्याने होऊ लागले.

आपला जिल्हाही यातून सुटला नाही. नाशिकजवळच्या भगूर गावी १८९९ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांचे वडील दामोदरपंत प्लेगनेच गेले. घरात उंदीर मेलेले दिसले की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. अशी किती घरे तेव्हा उठली असतील, याची कल्पना यावरून करावी.

नोटीस कशी पोहोचत असे?

जाहीरनाम्याचा साचा ठरलेला असे. “तमाम लोकांस कळविण्यात येते की” अशी सुरुवात, मग काय करू नये याची यादी, आणि शेवटी न ऐकल्यास काय शिक्षा होईल ते. इंग्रजी मजकुराचे मराठी भाषांतर होई. ते सरकारी गॅझेटात येई आणि मामलेदार कचेरीच्या, चावडीच्या भिंतीवर डकवले जाई.

पण वाचणार कोण? १९०१ च्या शिरगणतीत साऱ्या हिंदुस्थानात शंभरांत जेमतेम पाच माणसे साक्षर होती. म्हणजे भिंतीवरचा कागद शंभरांतल्या पंचाण्णव जणांसाठी नुसता कागदच होता. खरी नोटीस म्हणजे दवंडी. ढोल वाजवत गल्लोगल्ली फिरून ओरडून सांगितलेले तेवढेच लोकांपर्यंत जाई. यात मजकूर आखूड होत होत “अमुक करू नका, नाहीतर सरकार धरून नेईल” एवढाच उरे. कारण मध्येच गळून पडे आणि धाक तेवढा शिल्लक राही.

यात आणखी एक दुखरी गोष्ट होती. दवंडी देण्याचे काम बहुतेक गावांत महार समाजातील गावकामगाराकडे असे. “विहिरीचे पाणी स्वच्छ ठेवा” असे जो गावभर सांगत फिरे, त्यालाच त्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. त्याच्या घरच्यांना ओढ्याचे, डबक्याचे पाणी प्यावे लागे, आणि साथ आली की पहिला घाला अशाच वस्तीवर पडे. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातील सरकारी पाणवठे सर्वांना खुले झाले, पण तो कागदही बहुतेक ठिकाणी कागदच राहिला. म्हणून तर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला. आपण तो हक्काचा लढा म्हणून शिकतो, ते बरोबरच आहे. डॉक्टर म्हणून मी त्याला आरोग्याचा लढाही म्हणेन. स्वच्छ पाणी गावातील एका वस्तीला नाकारले की गावात साथ येण्याची वाट मोकळी होते.

लोक का ऐकत नव्हते?

पहिले कारण जबरदस्ती. पुण्यात १८९७ मध्ये प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोल्जर घरात शिरले, देवघर-माजघर पाहिले नाही. त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडण्यात झाला. त्यानंतर सरकारला हळूहळू उमगले की, संगिनीच्या टोकावर साथ थांबत नाही. पुढे सक्ती सैल झाली.

दुसरे कारण म्हणजे सरकारलाही सगळे ठाऊक नव्हते. प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो असे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये दाखवले, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोवर घरे धुणे, चुना मारणे, कौले काढून ऊन आत घेणे, सामान जाळणे यावरच भर होता. माणसांचा छळ झाला आणि उंदीर शेजारच्या घरात गेले. पुढच्या काळात उंदीर मारण्यावर भर आला. सूचना बदलल्या, कारण ज्ञान बदलले. लोकांना मात्र वाटले की सरकार आज एक बोलते, उद्या दुसरे.

तिसरे कारण लसीची भीती. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी लसीची एक बाटली दूषित निघाली आणि १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या माथी मारला गेला, आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरेपर्यंत लसीविषयीचा विश्वास बराच ढासळला होता. मुंबईत परळला असलेली हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

यात्रा आणि पटकी

त्र्यंबकेश्वरचा प्रश्न प्लेगपेक्षाही पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा होता. दर बारा वर्षांनी सिंहस्थ, आणि दर वर्षी पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा. ब्रह्मगिरीच्या कुशीतले लहान गाव, त्यात हजारो-लाखो माणसे, मोजक्या विहिरी आणि स्नानाला एक कुशावर्त. कॉलऱ्याचे जंतू रोग्याच्या जुलाबावाटे बाहेर पडतात आणि पाण्यावाटे दुसऱ्याच्या पोटात जातात. लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये हे पाण्याचे नाते दाखवले. डॉ. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यात हा जंतू शोधला. त्या तलावात लोक अंघोळ करत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. कुंडाचे पाणी का पिऊ नये, याचे उत्तर तेव्हाच मिळाले होते.

म्हणून यात्रांच्या वेळी निघणाऱ्या हुकुमांत ठरलेल्या गोष्टी असत. पिण्याचे पाणी वेगळे राखा, विहिरीत लाल औषध टाकू द्या, शिळे अन्न व कापलेली फळे विकू नका, आजारी यात्रेकरूची वर्दी द्या. लाल औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. पाणी गुलाबी झालेले पाहून सरकारने विहिरीत विष कालवले अशा कंड्या पिकत. पुढे ब्लीचिंग पावडर आली. ती अधिक गुणकारी असल्याने लाल औषध मागे पडले. कॉलऱ्याचे इंजेक्शन टोचल्याशिवाय यात्रेत सोडत नसत, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या जुन्या लसीने साथ थांबत नाही असे दिसून आल्यावर १९७३ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आंतरराष्ट्रीय प्रवासातील दाखल्याची अट काढून टाकली.

या जुन्या हुकुमांत एक उणीव मात्र भरून निघणारी नव्हती. काय करू नये ते त्यांत होते, पण जुलाब लागल्यावर घरच्यांनी काय करावे, याचे खात्रीचे उत्तर नव्हते, कारण ते तेव्हा कोणाकडेच नव्हते. ते १९७१ मध्ये मिळाले. बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारो जीव वाचवले. तीच आपली जलसंजीवनी. आजोबांच्या काळच्या नोटिशीत नसलेली ही एक ओळ आज प्रत्येक घरात असली पाहिजे.

आज काय करावे?

साथी गेल्या असे समजू नका. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेगचे रुग्ण सापडले. मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी महाराष्ट्रात लागू झाला तो कायदा १८९७ चाच होता. आणि पहिल्या पावसाबरोबर डोंगरउतारावरची घाण वाहत विहिरीत उतरते, पाड्यापाड्यांवर गॅस्ट्रोचे रुग्ण दिसू लागतात. २०२६-२७ च्या सिंहस्थात तर सारा देश आपल्या दारी येणार आहे. तेव्हा पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) तीर्थात स्नान करा, मात्र ते पाणी पिऊ नका आणि लहान मुलांच्या तोंडात घालू नका. घरी तीर्थ न्यायचे तर ते देव्हाऱ्यात ठेवावे. प्राशन करायचेच असेल तर उकळून घ्यावे.

२) पिण्याचे पाणी खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसेच उकळू द्यावे. गढूळ असल्यास आधी दुहेरी फडक्याने गाळावे. झाकून ठेवावे, आणि ओगराळ्याने काढावे. हात बुडवू नये.

३) विहिरीत ब्लीचिंग पावडर, म्हणजे गावात जिला टीसीएल म्हणतात ती, पडते की नाही हे ग्रामपंचायतीत विचारा. चांगल्या प्रतीची पावडर दर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. पाणी घाण असेल तर जास्त. टाकल्यानंतर पाण्यात पुरेसे क्लोरीन उरले की नाही, हे ओ. टी. तपासणीने कळते. टाकल्यावर तासभर पाणी भरू नये. उघड्या पोत्यात पडून राहिलेल्या पावडरीचा जोर निघून जातो, हे लक्षात ठेवावे.

४) जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्यावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर व अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून मोजून घ्यावे. मूल अंगावर पीत असेल तर दूध बंद करू नये.

५) तांदळाच्या पेजेसारखे जुलाब, सुकलेली जीभ, खोल गेलेले डोळे, लघवी बंद, किंवा मूल मलूल होणे, यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नका. जलसंजीवनी पाजत पाजतच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. उपाशी ठेवणे, अंगारा लावून बसणे यात लाखमोलाचे तास जातात.

६) एकाच वस्तीत दोन-तीन जणांना एकदम जुलाब लागले तर आशाताईंना किंवा आरोग्यसेवकाला त्याच दिवशी कळवा. यात घराण्याची बदनामी नाही. लपवण्यात मात्र शेजाऱ्याचा जीव जातो.

शेवटचे सांगणे नोटीस वाचणाऱ्यांसाठी आणि लिहिणाऱ्यांसाठीही. वाचणाऱ्याने “असे का?” हे जरूर विचारावे. लिहिणाऱ्याने ते कारण दोन ओळींत, लोकांच्या बोलीत आणि शिक्षेच्या आधी लिहावे. ‘पाणी पिऊ नये’ या फलकाशेजारी ‘पिण्याचे पाणी येथे मिळेल’ असा बाण आणि त्या बाणाच्या टोकाला खरोखरच नळ असावा. तहानलेल्या माणसाला नुसती मनाई पुरत नाही.