डोंबिवलीचे झोंबी, फुरसुंगीचा फाफे!

लहानपणी ज्यांनी आपली झोप उडवली, ज्यांच्या पुस्तकापायी जेवणाची हाक ऐकू आली नाही, ती मंडळी मोठेपणी कलाकारांच्या हाती लागली की धमाल होते. डोंबिवलीपासूनच बघा!

भुतं परदेशी, पत्ता आपला
२०२२ च्या प्रजासत्ताकदिनी ‘झोंबिवली’ पडद्यावर आला आणि इंग्रजी सिनेमातले झोंबी थेट डोंबिवलीच्या सोसायटीच्या गेटवर धडकले. साथीचं मूळही अगदी इथलं वाटावं असं, बाटलीबंद पाण्याचा कारखाना. एमआयडीसीच्या शेजारी राहणाऱ्यांना ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

मूळपुरुष बिननावाचा
आजच्या झोंबीपटांची वाट घालून दिली जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ने. गंमत म्हणजे त्या सिनेमात ‘झोंबी’ हा शब्द एकदाही येत नाही!

ट्टॉक!
‘झोंबिवली’चे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनीच २०१७ मध्ये ‘ट्टॉक’ करणाऱ्या ‘फास्टर फेणे’ला, म्हणजेच पुस्तकातल्या लाडक्या फाफेला मोठ्या पडद्यावर आणलं. फुरसुंगीचा सायकलवीर बनेश फेणे आणि डोंबिवलीत झोंबींशी झुंजणारा इंजिनिअर सुधीर, दोघेही साकारले अमेय वाघने.

लेखकच झाला पात्र
फाफेचे जनक भा. रा. भागवत (१९१०–२००१). ‘फास्टर फेणे’ सिनेमात ते स्वतःच एक पात्र म्हणून भेटतात आणि ती भूमिका केली आहे दिलीप प्रभावळकरांनी. बालवाचकांच्या लाडक्या लेखकाला याहून गोड मानवंदना कोणती?

तेच प्रभावळकर, तोच तात्या विंचू
१९९३ च्या ‘झपाटलेला’तला गुंड तात्या विंचू प्रभावळकरांचाच. त्याचा आत्मा ज्या बाहुल्यात शिरतो, तो घडवला रामदास पाध्ये यांनी. प्रेरणा १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ची, पण महेश कोठारे यांनी बाहुला असा मराठी केला की पोरं त्याला आपल्याच गावचा समजली.

पिंपळावरून शंभर कोटींत
मुंज होऊन सोडमुंजीआधीच मेलेला मुलगा पिंपळावर राहतो, ही घराघरांत सांगितलेली गोष्ट. सरपोतदारांनी २०२४ मध्ये तिचा ‘मुंज्या’ हा हिंदी सिनेमा केला, संगणकावर भूत घडवलं आणि कमाईने शंभर कोटींचा आकडा ओलांडला.

लहानपणीचं वेड म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे, कलाकाराची ती पहिली पुंजी असते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या चित्रकारांनो, लेखकांनो, तुमचा लाडका हिरो किंवा नकोसं भूत आजच कागदावर उतरवा आणि त्याला बेधडक आपल्या गल्लीत आणून सोडा!