कपडे धुपवणारी ऊददाणी

निखाऱ्यावर ऊद किंवा अगरू जाळून त्याचा धूर कपड्यांत मुरवण्याचे पात्र म्हणजे ऊददाणी. मोगल आणि निजामी अमलाखाली राहिलेल्या औरंगाबादेला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सुगंधाची ही रीत परकी नाही; दख्खनच्या मुस्लिम घरांत ती जुनीच. अकबराच्या सुगंधशाळेचे तपशील ‘आईन-ए-अकबरी’त आहेत.

ऊद ही झाडाच्या खोडाला खाच पाडून मिळणारी राळ. अगरूचे लाकूड मात्र झाडाला इजा होऊन बुरशी लागल्यावरच राळेने भरून सुगंधी होते, म्हणून ते फार महाग.

ऊददाणीवर विणलेली टोपली पालथी घालतात आणि तिच्यावर कपडे पसरतात. निखारा राखेने अर्धवट झाकलेला हवा. आच मंद असली तर सुगंधी तेले वाफेसोबत वर येतात. भडकली तर ती तेले जळून नुसता करपट वास उरतो. कापड किंचित दमट असेल तर वास चांगला धरते.

शहराच्या हिमरू शालींसारख्या रेशीम-सुती वस्त्रांना धुरी विशेष मानवते. अत्तर थेट लावले तर तेलाचा डाग पडतो, धुरीने तो पडत नाही. ठिणगीपासून मात्र जपावे लागते. बाळंतघरात बाळाच्या दुपट्यांना ओवा-वावडिंगाची धुरी देतात, तीही याच तत्त्वावर.