हजारो जनुकांची एकत्र झडती

मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात वेमुराफेनिब हे औषध सुरुवातीला चांगलं लागू पडतं. पुढे मात्र कर्कपेशी त्याला दाद देईनाशा होतात. कोणतं जनुक निकामी झालं की असं घडतं, हे शोधण्यासाठी अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी क्रिस्पर तंत्राने १८,०८० जनुकं एकाच प्रयोगात तपासली. निष्कर्ष २०१४मध्ये छापून आले. असा प्रयोग आखायचा कसा?

कॅस-९ हे प्रथिन डीएनए कापतं आणि कुठे कापायचं ते गाइड आरएनए ठरवतो. कापलेली जागा सांधताना पेशीकडून चुका होतात आणि जनुक बंद पडतं. त्या प्रयोगात असे ६४,७५१ गाइड होते, म्हणजे जनुकामागे तीन-चार. लेंटिव्हायरस हा विषाणू गाइडचा क्रम पेशीच्या डीएनएत कायमचा बसवतो. त्यामुळे सगळ्या पेशी एकत्र वाढवल्या, तरी कोणता गाइड किती प्रमाणात उरला हे शेवटी वाचता येतं.

एका पेशीत एकच गाइड जायला हवा, म्हणून विषाणू मुद्दाम कमी घालतात. पेशीमागे सरासरी ०.३ विषाणू ठेवले, तर सुमारे २६ टक्के पेशींना लागण होते आणि त्यांतल्या बहुतेकींत एकच गाइड असतो. लागण न झालेल्या पेशी प्युरोमायसिन या प्रतिजैविकाने मारतात.

खरी कसोटी संख्येची. प्रत्येक गाइडच्या ५०० पेशी हव्यात, असं धरू. मग लागण झालेल्या ३ कोटी २४ लाख पेशी लागतील आणि त्यासाठी सुरुवात साडेबारा कोटींनी करावी लागेल. नव्या प्लेटमध्ये पेशी टाकताना, औषध दिलेल्या आणि न दिलेल्या अशा दोन्ही गटांत, ३ कोटी २४ लाखांचा हा आकडा टिकवायचा. डीएनए काढतानाही तेवढ्याच पेशी घ्यायच्या. त्यांतून निघणारा २०० मायक्रोग्रॅमहून अधिक डीएनए सगळा पीसीआरमध्ये घालायचा. एका टप्प्यावर जरी हात आखडला, तरी काही गाइड निव्वळ योगायोगाने गळतात. मग ती जनुकं पेशीला जगण्यासाठी आवश्यक आहेत असा भास होतो, आणि पुढचं कोणतंही संख्याशास्त्र तो दुरुस्त करू शकत नाही.

शेवटी गाइड मोजायचे. औषध दिलेल्या गटात एखाद्या जनुकाचा एकच गाइड वाढलेला दिसला तर शंका घ्यावी. तीन-चार एकत्र वाढले तर विश्वास ठेवावा. त्या प्रयोगात एनएफ-२ आणि कल-३ ही जनुकं अशीच पुढे आली. नंतर ती एकेकटी बंद करूनही पडताळली गेली.

एवढ्या पेशी वाढवणं आपल्या प्रयोगशाळेला झेपत नसेल, तर केवळ एखाद्या गटातल्या, उदाहरणार्थ कायनेज या प्रथिनांच्या, जनुकांचा छोटा संग्रह घ्यावा. अर्धवट मोठ्या प्रयोगापेक्षा नेटका छोटा प्रयोग अधिक खरं उत्तर देतो.