चित्रकाराने आखलेल्या बागा

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांपुढे अजून कुठेकुठे गोल वाफे दिसतात. मध्ये कर्दळ, कडेला गेरू-चुन्याने रंगवलेल्या तिरप्या विटा. साहेबाची ही हौस. मार्च १८७० मध्ये जबलपुरात दोन बाजूंचे रूळ जोडले गेले आणि मुंबई-कलकत्ता लोहमार्ग सलग झाला. त्याच वर्षी खुद्द साहेबाच्या देशात विल्यम रॉबिन्सनने ‘द वाइल्ड गार्डन’ लिहून असल्या कवायती बागांविरुद्ध बंड पुकारलं. कंद गवतातच रुजू द्या, वेली झाडांवर चढू द्या, असं त्याचं म्हणणं. पण नुसत्या शब्दांनी बाग डोळ्यांपुढे उभी राहत नाही. १८८१च्या आवृत्तीत ती उभी केली आल्फ्रेड पार्सन्सच्या रेखाचित्रांनी.

पार्सन्स (१८४७-१९२०) सॉमरसेटचा. आधी पोस्टात कारकून, मग निसर्गचित्रकार. इंग्लंडमधल्या ब्रॉडवे गावातल्या कलावंतांच्या गोतावळ्यात चित्रकार सार्जंट आणि अ‍ॅबी, कादंबरीकार हेन्री जेम्स हे त्याचे मित्र. १८९२ मध्ये तो जपानला गेला, तिथली फुलं रंगवली आणि १८९६ मध्ये त्यावर पुस्तकही काढलं.

बागेचा धंदा त्याने ठरवून धरला असं वाटत नाही. मित्र सल्ला विचारत गेले, हा देत गेला. जेम्सच्या राय इथल्या लॅम्ब हाउसची बागही अशीच झाली. पुढे कॅप्टन पार्ट्रिज या भागीदाराबरोबर रीतसर कामं सुरू झाली. वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या विटविक मॅनरला त्याची पद्धत नीट कळते. घरालगत कातरलेल्या यू झाडांच्या भिंती. उतारावरून खाली जावं तशी बाग सैल होत तळ्यांपाशी पोचते. रॉबिन्सनचं बंड त्याने जसंच्या तसं उचललं नाही, हे मला त्याचं शहाणपण वाटतं. जवळचं रेखीव, दूरचं धूसर, हा चित्रकाराचाच हिशेब. फरक एवढाच की इथे रंग दर आठवड्याला बदलतात आणि वीस वर्षांनंतरच्या झाडाचा घेर आज डोळ्यांत धरावा लागतो.

कुंचला त्याने सोडला नाही. एलन विलमॉटच्या ‘द जीनस रोझा’ या गुलाबांवरच्या ग्रंथासाठी (१९१०-१४) शंभराहून अधिक गुलाब रंगवले. ग्रंथ फारसा खपला नाही. मूळ जलरंगचित्रं मात्र रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या ग्रंथालयात आहेत, आणि छापील पानांपेक्षा तीच पाहावीत.